काटा हलू द्या

जुनी पिकअप हाती आली की मालक आधी टायर बघतो, मग इंजिनाचा आवाज ऐकतो, मग हौद्याचा पत्रा वाजवून पाहतो. डॅशबोर्डाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, आणि गेलंच तर बहुधा शोभेच्या अंगानं: निळे एलईडी, पांढऱ्या तबकड्या, स्टेअरिंगमागे झगमगणारा रंगीत पडदा. नाशिक जिल्ह्यात हा विषय इतक्यावर सोडून देण्यासारखा नाही. 2000 साली आलेली बोलेरो आणि 2002 सालची स्कॉर्पिओ या सातपूरच्या कारखान्यातल्या गाड्या. बोलेरोच्याच घराण्यातली पिकअप आज गिरणाऱ्याचे टोमॅटोचे क्रेट, निफाड-दिंडोरीची द्राक्षं आणि पिंपळगाव-लासलगावचा कांदा वाहते. एमएच 15 आणि एमएच 41 पासिंगच्या अशा कितीतरी गाड्या आठ-दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, दरवर्षी पासिंगला उभ्या राहतात आणि तरी घरचा खर्च चालवतात. या गाडीचे मीटर बदलावेत का, आणि बदलायचे तर कसे, याचा निकाल माझ्या मते एकाच कसोटीवर लावावा: बदल केल्यावर चालकाला इंजिनाबद्दल आधीपेक्षा जास्त खरं कळतं का? कळत असेल तर तो खर्च योग्य. कळत नसेल तर तो फक्त रंगकाम.

हे खरं कळणं कुठे लागतं ते बघू. उमराण्याकडून पिंपळगावला कांदा भरून निघालेली पिकअप एप्रिल-मेच्या दुपारी चांदवडच्या अलीकडे राहुड घाट चढते. सुरतेला माल टाकून परतीचं भाडं घेतलेली गाडी सापुताऱ्याच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये येते. वाशीच्या मार्केटहून परतणारी कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत चढत राहते. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच घडते: इंजिनावर पूर्ण जोर असतो, पण गाडीचा वेग इतका कमी की रेडिएटरमधून जाणारा वारा जवळजवळ एकट्या पंख्याच्या भरवशावर असतो. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांच्या आसपास उघडतो, आणि निरोगी इंजिन त्याच्या थोडं वर स्थिर राहतं. रेडिएटरचं झाकण नीट दाब धरत असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा 115 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर हा सगळा दिलासा जातो आणि पाणी शंभराच्या आतबाहेर खदखदू लागतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं, फेसिंगला जातं, आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते. मात्र 90 पासून 115 पर्यंतचा प्रवास क्षणात होत नाही. त्याला काही मिनिटं लागतात, आणि गाडी कडेला घ्यायला, इंजिन मोकळं चालू ठेवून निववायला तेवढी मिनिटं पुरतात. ती चालकाला मिळतात की नाही, हे त्याच्या समोरची तबकडी ठरवते.

एके काळी ती मिळत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या डॅशबोर्डावर पाच स्वतंत्र मीटर होते: वेग, इंधन, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरीत जाणारा-येणारा करंट. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी जी गाडी भारतात जोडायला घेतली ती याच घराण्यातली. तेवढ्यात तिकडे अमेरिकेत दुसरा विचार मूळ धरत होता. 1930 च्या दशकात हडसन कंपनीनं तेलाच्या दाबासाठी आणि चार्जिंगसाठी मीटरऐवजी दिवे लावले होते: सगळं ठीक तर दिवा बंद, बिघडलं तर दिवा लाल. स्वस्त, समजायला सोपं, आणि म्हणून हळूहळू सगळीकडे पसरलं. यात लपवाछपवी नव्हती. दिवा काही मोजल्याचा आव आणत नाही. लपवाछपवी आली ती पुढे, काटा ठेवून त्याचं काम काढून घेतल्यावर. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फोर्डनं आपल्या गाड्यांमध्ये, पिकअपसकट, तेलाच्या दाबाचा काटा कायम ठेवला, पण इंजिनवरचा मोजणारा सेन्सर काढून तिथे साधा चालू-बंद स्विच बसवला आणि वाटेत एक रेझिस्टर घातला. दाब जेमतेम असो की भरपूर, काटा मधोमध. तिकडचे जुन्या पिकअपचे शौकीन आजही तो रेझिस्टर काढून खरा सेन्सर बसवतात. पाण्याच्या तापमानाचंही पुढे असंच झालं. अनेक आधुनिक गाड्यांत मीटरमधलाच प्रोग्रॅम काट्याला मोठ्या पट्ट्यात स्थिर धरतो. आतलं पाणी 80 अंशांवर असो की 105 वर, काटा मध्यावरच राहतो. तो हलतो तेव्हा वेळ जवळजवळ संपलेली असते.

कंपन्यांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. खरा काटा स्वभावानं हलता असतो. चढावर वर जातो, उतारावर खाली येतो, सिग्नलला थोडा सरकतो. ज्याला इंजिनातलं काही कळत नाही असा ग्राहक त्या हालचालीनं घाबरतो, सर्व्हिस सेंटरला येतो, मेकॅनिकला दोष सापडत नाही, आणि दोघांचा दिवस वाया जातो. शांत काटा हा त्यावरचा उपाय. शहरातल्या शहरात घर ते ऑफिस चालणाऱ्या कारपुरता तो मला मान्यही होईल. पण पिकअपचा चालक हा तो ग्राहक नव्हे. रोज बारा तास जो त्या यंत्राबरोबर असतो, ज्याला गिअरच्या आवाजावरून माल किती भरलाय ते कळतं, त्याला आकड्याची भीती वाटेल असं समजणं हा त्याच्या जाणतेपणाचा अपमान आहे. ताप आलेल्या माणसाच्या घरी थर्मामीटर बघतात ते ताप आहे की नाही यासाठी नव्हे, तो निव्वळ हाताला कळतो. किती आहे आणि तासाभरापूर्वी किती होता, यावर डॉक्टरकडे आत्ता जायचं की सकाळी, हे ठरतं. घाटातल्या चालकापुढे नेमका तोच प्रश्न असतो.

यात आणखी एक बाजू आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जिल्ह्यातल्या पुष्कळ पिकअप मालक स्वतः चालवत नाही. पगारी किंवा बदली ड्रायव्हर चालवतो. इंजिन गरम होऊन काम निघालं की पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारला जातो: काटा बघितला नाहीस का? समोरचा काटा शेवटच्या क्षणापर्यंत मधोमध उभा राहणारा असेल, किंवा बंदच असेल, तर या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. माहिती त्याला दिलेली नसते, जबाबदारी मात्र पूर्ण दिलेली असते. मग दुरुस्तीचे पैसे पगारातून हप्त्याहप्त्यानं कापले जातात, नाहीतर माणूस गाडी सोडून जातो. खरं मोजणारा मीटर ही या दोघांमधल्या व्यवहारातली न्यायाची गोष्ट आहे. तो असेल तर ड्रायव्हरला थांबण्याचा हक्क मिळतो. माल उशिरा पोचला तरी तो सांगू शकतो की काटा इथवर आला होता म्हणून वीस मिनिटं थांबलो, आणि मालकाला ते मानावं लागतं. ज्याच्या हाती यंत्र सोपवलं त्याला त्या यंत्राची खबर देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि गाडी जुनी आहे म्हणून ते कमी होत नाही.

ड्रायव्हरनं रस्ता बघावा की तबकड्या, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. दिवा डोळ्यांना स्वतःहून बोलावतो, काट्याकडे मुद्दाम बघावं लागतं. थकलेला माणूस पहाटे तीनला काटे बघत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच काटा लावा म्हणजे दिवा काढा असं मी म्हणत नाही. दोन्ही हवेत, आणि जमलं तर एक बझरही. मात्र काटा वाचायला फार वेळ लागतो हा समज चुकीचा आहे. विमानांत आणि शर्यतीच्या गाड्यांत जुनी पद्धत अशी की तबकडी तिच्या खोबणीत थोडी फिरवून बसवायची, म्हणजे सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर, बाराच्या दिशेला राहतो. मग आकडे वाचावे लागत नाहीत. एक काटा जरी कललेला असला तरी तो नजरेच्या कडेला टोचतो. नाशिककरांना हे उदाहरण परकं नसावं. ओझरच्या एचएएलमध्ये मिग-21 बनत होती, आणि पुढे त्याच ओझरला तिच्यावर काम होऊन तिचं बायसन हे सुधारित रूप तयार झालं. वैमानिकासमोर नवा पडदा आला, काचेवर माहिती दिसू लागली, पण गोल तबकड्या सरसकट उपटून टाकल्या गेल्या नाहीत. जुन्या यंत्राची सुधारणा करताना काय बदलायचं याइतकाच काय ठेवायचं याचाही विचार करावा लागतो, हे आपल्याच जिल्ह्यातल्या हातांनी केलेलं आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. मीटरसुद्धा खोटं बोलतो. तो बोलतोच, आणि कसा बोलतो हे समजून घेतल्याशिवाय कुणी नवा मीटर बसवू नये. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तापला की त्याचा विरोध घटतो, जास्त करंट वाहतो आणि काटा चढतो. सेन्सरचा स्वतःचा अर्थ त्याच्या आट्यांतून इंजिनच्या बॉडीला मिळतो. गळती नको म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप जाड गुंडाळली की हा अर्थ कच्चा होतो, विरोध वाढतो आणि काटा आहे त्यापेक्षा थंड दाखवतो. वायर कुठे तुटली, कनेक्टर गंजला, तरी काटा थंडच दाखवतो. होज फुटून पाणी निघून गेलं आणि सेन्सरचं टोक पाण्याऐवजी वाफेत लोंबकळलं, तर इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. लक्षात घ्या, हे तिन्ही दोष एकाच बाजूला झुकतात: गाडी आजारी असताना ते तब्येत उत्तम असल्याचं सांगतात. म्हणून चढावर अचानक खाली आलेला काटा हा चढलेल्या काट्याइतकाच गंभीर मानला पाहिजे, आणि ही एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला मीटर बसवतानाच सांगितली पाहिजे. उलट दोषही असतो. काही जुन्या गाड्यांत काट्यांना स्थिर व्होल्टेज देणारा छोटा रेग्युलेटर असतो. तो बिघडला की डिझेलचा आणि हीटचा असे दोन्ही काटे एकदम वर जातात. टाकी भरलेली नसताना ती भरलेली दिसू लागली तर इंजिनाकडे बघण्याआधी त्या रेग्युलेटरकडे बघावं.

याहून नेहमीची चूक जोडीची. मीटर एका घराण्याचा आणि सेन्सर दुसऱ्या. इंधनाच्या मीटरचंच घ्या: व्हीडीओ पद्धतीच्या मीटरला रिकामी ते भरलेली टाकी म्हणजे 10 ते 180 ओहम लागतात, अमेरिकी पद्धतीच्या मीटरला 240 ते 33, म्हणजे चक्क उलट्या दिशेनं. तापमान आणि दाबाच्या मीटरांतही अशी भिन्न घराणी आहेत. दुकानातून सुंदर तबकडी आणून ती जुन्याच सेन्सरला जोडली की काटा हलतो, दिवा लागतो, सगळं चालू दिसतं आणि आकडा पूर्ण चुकीचा असतो. त्यामुळे मीटर घ्यायचा तो त्याच्या सेन्सरसकट, एकाच खोक्यातला. हे दोष सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग मीटरच्या भानगडीत पडायचंच कशाला? पण या सगळ्या चुका बसवणाऱ्याला माहीत असल्या तर टाळता येतात, आणि त्यांची परीक्षाही सोपी आहे. सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवली की साध्या मीटरचा काटा पूर्ण गरमकडे धावला पाहिजे. मधोमध गोठवलेल्या काट्याला अशी कोणतीच परीक्षा लागू पडत नाही.

कोणते मीटर, याबद्दल माझं मत ठाम आहे. तीन पुरेत: पाण्याचं तापमान, तेलाचा दाब, व्होल्टेज. तेलाच्या दाबाचा दिवा बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली पेटतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो, मेकॅनिकांचा जुना ठोकताळा दर हजार फेऱ्यांमागे 10 पीएसआयचा. दिवा पेटेपर्यंत बेअरिंगनं बरंच सोसलेलं असतं. इथे विजेवर चालणारा मीटरच घ्यावा, कारण नळीवाल्या मीटरमध्ये गरम तेल थेट केबिनमध्ये येतं आणि नळी तुटली तर ते पायांवर सांडतं. जुन्या जीपच्या ॲम्पिअर मीटरचं कौतुक अजून काही जण करतात, पण त्यात गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डामागून फिरून येतो; एखादा स्क्रू ढिला झाला की आगीला आमंत्रण. त्यापेक्षा व्होल्टमीटर फ्यूज घालून जोडावा. इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास आणि चालू असताना 13.8 ते 14.4, एवढं दिसलं की अल्टरनेटर आणि बॅटरी दोघांची खबर मिळाली. टर्बोच्या बूस्टचा मीटर कांद्याच्या गाडीला नको. पैसे उरलेच तर हेडलाइटच्या वायरिंगमध्ये रिले घाला.

संपूर्ण मीटर बोर्ड बदलण्याच्या मात्र मी विरोधात आहे, आणि त्याचं कारण किलोमीटरचा आकडा. दुसऱ्या गाडीचा किंवा नवा कोरा बोर्ड बसवला की गाडीचं खरं चाललेलं अंतर पुसलं जातं, आणि ती उद्या विकली तर घेणाऱ्याची फसवणूक होते, मग मालकाच्या मनात तसं असो वा नसो. आपल्याला खरं कळावं म्हणून केलेल्या बदलातून दुसऱ्याला खोटं कळत असेल तर ती सुधारणा म्हणता येणार नाही. कंपनीचा बोर्ड जागेवर ठेवून शेजारी 52 मिलिमीटरचे, म्हणजे सगळीकडे मिळणाऱ्या मापाचे, वेगळे मीटर पट्टीवर बसवावेत, समोरची काच न अडवता. बोर्ड बदलणं अगदी भागच पडलं तर जुना आकडा तारखेसह गॅरेजच्या बिलावर लिहून घ्यावा आणि ते बिल गाडीच्या कागदांत ठेवावं. उजेडाबद्दलही हेच. संध्याकाळी माल भरून निघालेली गाडी पहाटेच्या मार्केटसाठी रात्रभर चालते. निळा प्रखर एलईडी अंधाराला सरावलेले डोळे दिपवतो आणि समोरच्या काचेत प्रतिबिंब पाडतो. मंद तांबूस किंवा पिवळसर उजेड दिसायला साधा, पण त्यात तबकडीही दिसते आणि रस्त्यावरचा दिवा नसलेला ट्रॅक्टरही.

घाटच आता कमी होत चालले, असंही सांगितलं जातं. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसाऱ्याचा चढ जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यानं टाळता येऊ लागला. चांगली गोष्ट आहे. पण राहुड आणि सापुतारा जागच्या जागी आहेत, मे महिनाही आहे आणि मार्केटच्या दारातली रांगही आहे. नव्या बीएस-6 गाड्यांत इंजिनचा संगणक गरम झाल्यावर स्वतःच ताकद कमी करतो, आणि तिथे खरा आकडा हवा असेल तर ओबीडीच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर तो मोबाइलवर दाखवतो. तबकडी बसवायची गरज नाही. जुन्या, संगणक नसलेल्या डिझेल इंजिनाला हा आधार नाही. तिथे आधी रेडिएटर साफ करणं, पंख्याचा बेल्ट, होज, झाकण आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट, हे सगळं मीटरच्या आधी यायला हवं, यात वाद नाही. मीटर रोग बरा करत नाही. पण एवढा खर्च करून रोग बरा झाला का, हे त्याच्याशिवाय कळणार कसं?

तेव्हा मीटर बसवून घेणाऱ्या मालकांना आणि बसवणाऱ्या वायरमनला एक विनंती. सेन्सर इंजिनात घट्ट करण्याआधी तो मीटरला आणि बॅटरीला जोडा, त्याच्या बॉडीला अर्थ द्या, आणि त्याचं टोक पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात काही मिनिटं धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथे पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. त्या वेळी काटा जिथे थांबेल तिथे काचेवर रंगाची एक बारीक रेघ ओढा, आणि ती रेघ कशाची आहे ते गाडी चालवणाऱ्याला सांगा.